पट्टीखालचा अंगठा

त्याने आईचा अंगठा पट्टीने दाबला.

शाळेच्या मुलांच्या दप्तरात असते तसली लाकडी पट्टी. मशीनच्या काचेवर आईचा अंगठा, अंगठ्याच्या नखावर पट्टीचं एक टोक, दुसरं टोक त्याच्या हातात. खिडकीच्या आत तो खुर्चीवर बसलेला. खिडकीच्या बाहेर आई उभी. मशीनवर लाल दिवा लागला.

"हालवू नको म्हटलं ना. पुन्हा ठेव."

आईने पुन्हा ठेवला. त्याने पुन्हा दाबला, या वेळी जोर लावून. नखाखालचं मांस पांढरं पडलं. पट्टी घसरली. पुन्हा लाल.

"हात धुवून येत नाही काय तुम्ही लोकं? चिखल घेऊन येता अन् मशीन खराब करता."

"रोवण्याचे दिवस हायेत ना, भाऊ," आई म्हणाली आणि हसली.

हसली. मी बाजूला उभी होते. पट्टी पाहून माझं डोकं फिरलं नव्हतं, ते त्या हसण्याने फिरलं. नंतर त्याने एका फडक्याला बाटलीतलं काहीतरी लावलं, मशीनची काच पुसली, पट्टीही पुसली आणि म्हणाला, "चला, पुढचं कोण हाय?"

हे आमच्या गावचं सेवा केंद्र. आंबागडच्या किल्ल्याचा डोंगर आमच्या शेतातून दिसतो, तुमसर आमचा तालुका. राशनचं दुकान आणि हे केंद्र एकाच घरात आहे, आणि ते घर विनूभाऊचं, पट्टी धरणाऱ्याचं. पिढ्यान्‌पिढ्या लुगड्यांचा धंदा करणारं घर. आता पुढच्या खोलीत कम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन. वर बोर्ड, "नागरिकांच्या सेवेत". आत प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या. त्या खुर्च्यांवर बौद्ध मोहल्ल्यातलं कोणी बसल्याचं मी पाहिलं नाही. बसू नका, असं कोणी म्हणतही नाही. आमच्या माणसांचे पाय आपोआप खिडकीकडे वळतात. ते आपोआप वळतात याचीच मला आता जास्त शिसारी येते.

तेव्हा राशनकार्डावरच्या प्रत्येक माणसाने अंगठा देऊन आपण आहोत हे दाखवायचं होतं. मुदतीत ज्याचा अंगठा लागणार नाही त्याचं नाव कार्डावरून कापलं जाणार होतं. ही मुदत कोणी ठरवली माहीत नाही. ज्याने ठरवली त्याने धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलात, पाय टाकलेला नसावा. कारण ती ऐन रोवण्यात आली. दिवसभर बाया चिखलाच्या पाण्यात वाकून धान रोवतात. संध्याकाळी बोटं सुरकुतून पांढरी होतात, रेघा भरून जातात. मशीनला तो अंगठा ओळखू येत नाही. तो कोरडा करून, ढिला सोडून, कोणीतरी वरून नीट दाबावा लागतो. तसा दाबला की लागतो.

लागतो हे मला कसं माहीत? आईच्या आधी पाटलीणकाकू येऊन गेल्या होत्या. त्याही रोवण्यातूनच आलेल्या. त्यांचाही अंगठा पहिल्यांदा लाल झाला. विनूभाऊ उठला, त्यांना आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पंखा त्यांच्याकडे फिरवला. स्वतःच्या रुमालाने त्यांचा अंगठा कोरडा केला. मग आपल्या दोन बोटांत धरून हळूच दाबला. "काकू, ढिला सोडा जरा. हाव, असा." हिरवा दिवा. काकू पदर सावरत निघून गेल्या.

मग आईची पाळी आली आणि त्याने टेबलाच्या कडेची पट्टी उचलली.

लाकडाच्या टोकाने अंगठा नीट दाबला जात नाही. घसरतो. वाकडा होतो. म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या बायांचे अंगठे लागत नव्हते. कम्प्युटरमध्ये काय नोंद होत होती? बोट जुळत नाही. एवढंच. पट्टीची नोंद कम्प्युटरमध्ये नाही. वर बसलेल्या साहेबाला दिसणार की या बाईचं बोट जुळत नाही, या बाईचंही नाही, आणि हिचंही नाही. तो म्हणणार, मजुरी करणाऱ्या बाया, बोटं झिजली असतील. तंत्राची अडचण. आणि विनूभाऊचे हात साफ. सॅनिटायझरने पुसलेले.

माझा आजा नागपूरला दीक्षेला गेला होता, पायी आणि मिळेल त्या गाडीने. परत आला आणि घरातल्या देवांचं गाठोडं करून तलावात सोडून आला. आजी मात्र मला दुसरंच सांगायची. या विनूभाऊच्या आजोबाच्या दुकानात ती लुगडं घ्यायला जायची तेव्हा दुकानदार लुगडं हातात देत नसे. कापड मोजायच्या लाकडी गजाने ते ओट्याच्या कडेपर्यंत सरकवायचा. कडेवरून खाली पडायचं, मग आजीने उचलायचं. धुळीत पडलेलं नवं लुगडं. आजी हे सांगताना बोटाने सरकवून दाखवायची. मी लहान होते, मला ते फार जुनं वाटायचं. राजाराणीच्या काळातलं.

आता तो गज आखूड होऊन कम्प्युटरशेजारी पडला होता.

मला जास्त लाज कशाची वाटली ते सांगते. हे ऑनलाइन येणार होतं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आमच्या मोहल्ल्याला झाला होता. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा म्हणे सांगितलं होतं, कार्यालयं जवळ येतील. बाबा तरी कागदांसाठी तुमसरला चकरा मारतच राहिले. मग गावात एक साहेब आले, शाळेच्या पटांगणात बोलले. "आता मध्ये कोणी माणूस नाही. तुम्ही आणि सरकार, थेट." मी तेव्हा तुमसरला कॉलेजात जात होते, कम्प्युटरचा कोर्स केला होता. घरोघरी जाऊन मीच बायांना समजावलं, मशीनला जात नसते. ते आडनाव विचारत नाही. ते फक्त अंगठा पाहते.

खरंच आहे. मशीन काहीच विचारत नाही. मशीनच्या आणि आमच्या अंगठ्याच्या मध्ये मात्र एक पट्टी होती, आणि ती धरणारा हात सरकारने नेमलेला होता.

त्या दिवशी घरी येताना मी आईला म्हटलं, "तू हासलीस काहून?"

"मंग काय करू? भांडू? नाव कापलं तं खाशीन काय?"

बाबा गेल्यापासून कार्डावर आम्ही दोघीच. माझा अंगठा कॉलेजच्या दिवसांत तुमसरलाच लागून गेला होता; आता मात्र ज्या गावचं कार्ड त्याच गावच्या केंद्रात अंगठा द्यायचा, असा नियम आला होता. आईचा राहिला होता. नाव कापलं म्हणजे तिच्या वाटणीचा तांदूळ बंद. हा साधा हिशेब होता आणि तो आईच्या डोक्यात होता. पण अंगठा लागत नव्हता तो तिच्या बोटामुळे नाही, हे तिला बोलायचं नव्हतं. मला बोलायचं होतं.

आमच्या मोहल्ल्यात रेंज नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येते. तिथे चिंचेखाली बसून मी मोबाइलवर तक्रार टाकली. सरकारचं तक्रारीचं पान चांगलं आहे. रंगीत. "आपला आवाज थेट आमच्यापर्यंत." मी लिहिलं, केंद्रचालक बौद्ध बायांचा अंगठा हाताने न दाबता लाकडी पट्टीने दाबतो, म्हणून अंगठे लागत नाहीत, खिडकीबाहेर उभं ठेवतो, आमच्यानंतर मशीन पुसतो. माझं नाव, माझा नंबर. लगेच मेसेज आला, आपली तक्रार नोंदवली आहे. मला त्या मेसेजचा फार आनंद झाला. पाळीवरून उतरताना मी गाणं गुणगुणत होते. आठवलं की स्वतःचीच कीव येते.

काही दिवसांनी विनूभाऊचा फोन आला. माझा नंबर त्याच्याकडे कसा, हा विचार मी केला नाही.

"तुही तक्रार आली हाय. येऊन जा."

मला वाटलं कोणी साहेब चौकशीला आले असतील. मी चांगला ड्रेस घातला. गेले. साहेब कोणी नव्हते. तोच होता, आणि आत खुर्च्यांवर राशन न्यायला आलेली गावातली माणसं. त्याने प्रिंट काढून ठेवली होती. माझी तक्रार जिल्ह्याला गेली, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून "संबंधिताकडे". संबंधित म्हणजे तोच.

त्याने ती मोठ्याने वाचली. माझं नाव. माझा मोबाइल नंबर. मग मजकूर, एकेक शब्द चघळत. "लाकडी पट्टीने दाबतो." आतली माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "पट्टीनं दाबला तं दाबला, काय अंगठा तुटला काय?" आणखी हसली. मी खिडकीबाहेर उभी. ज्या खिडकीची तक्रार केली होती त्याच खिडकीबाहेर.

"इकडं पाह्य," तो म्हणाला.

मी पाहिलं. त्याने मोबाइलवर माझा फोटो काढला.

तो फोटो कशाला, हे दोन दिवसांनी कळलं. पाळीवर गेले तर मेसेज येऊन पडला होता. "अर्जदाराशी समक्ष चर्चा केली. गैरसमज दूर झाला. तक्रार निकाली." पुरावा म्हणून तो फोटो जोडलेला. खाली पाच रिकामे तारे. आपण समाधानी आहात का? कृपया अभिप्राय द्या.

चिंचेच्या बुंध्याशी बसून मी तो मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचला. पट्टीचा राग वेगळा होता, तो एका माणसाचा राग होता. हे काही वेगळंच होतं. माझाच आवाज थेट पोचला होता आणि फिरून त्याच्याच टेबलावर येऊन पडला होता, आणि त्याच्यावर माझ्याच तोंडाचा शिक्का मारून वर पाठवला होता. आणि आता मला गुलाबी अक्षरांत विचारत होते, कसं वाटलं.

मी तारे दिले नाहीत. मेसेज पुसलाही नाही.

रोवणा संपत आला तेव्हा विनूभाऊ आमच्या मोहल्ल्यात आला. मी जन्मले तेव्हापासून त्याला आमच्या गल्लीत पाहिलं नव्हतं. मोटरसायकल बाहेरच उभी केली, स्वतः अंगणाच्या कडेला उभा राहिला. आईने पाण्याचा गडवा आणला.

"नाही, नाही, आत्ताच पिऊन आलो," तो म्हणाला. मग, "मावशी, तुमच्याकडं काम होतं."

आजवर 'अवो बाई' आणि 'तू' होतं. आता मावशी आणि तुम्ही.

जिल्ह्याचे मोठे साहेब पडद्यावरून गावोगावच्या लाभार्थ्यांशी थेट बोलणार होते, त्यात आमचं गाव निवडलं होतं. त्याला "तुमच्या समाजाची" एक बाई हवी होती, वरून तसं आलं होतं. आणि सोबत शिकलेली मुलगी असली तर छानच. "ते तक्रारीचंबी बरं दिसते ना, सगळं मिटलं असं." आईने काय बोलायचं ते त्याने सांगितलं. मले घरबसल्या समदं भेटते, आता तालुक्याले जा लागत नाही. "साहेबासमोर तुमचा अंगठा लावू, लाइव्ह. तुमचं कार्डाचं काम तिथंच होऊन जाईन."

आईने माझ्याकडे पाहिलं. मुदत संपायला थोडेच दिवस होते. मी हो म्हटलं. अंगठा लागू दे, एवढंच मी स्वतःशी म्हणत होते.

त्या दिवशी केंद्र झाडून पुसून ठेवलं होतं. बोर्डाला झेंडूचा हार. भिंतीवर बॅनर, "सरकार तुमच्या हाताशी". आई पायऱ्यांशी थांबली. "या ना मावशी, वर या," विनूभाऊ म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आई चप्पल काढायला लागली. कोणीच चप्पल काढली नव्हती. मी तिचा हात धरून तिला तशीच आत नेलं. ती लाल खुर्चीवर बसली, खुर्चीच्या अगदी कडेवर. सरपंच होते, ग्रामसेवक होते, पाटलीणकाकू होत्या. फोटो काढणारा एक माणूस तालुक्यावरून आलेला.

पडद्यावर साहेब आले. छोट्या छोट्या चौकोनांत इतर गावं, तिथेही खुर्च्यांवर बाया बसलेल्या. आमची पाळी आली. आईने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. साहेब खूश झाले.

"फार छान. आता ताईंचा अंगठा घेऊन दाखवा बरं, किती सेकंदांत होतं ते पाहू."

विनूभाऊचा हात टेबलाच्या कडेला गेला. सवयीने. तिथे पट्टी नव्हती. त्यानेच ती सकाळी उचलून प्रिंटरच्या मागे टाकली होती, मला टोक दिसत होतं. हात तसाच हवेत थांबला. कॅमेरा त्याच्यावर. आता त्याला आईचा अंगठा हाताने धरावा लागणार होता, सगळ्यांसमोर, जिल्ह्यासमोर. मला वाटलं, धरेल. किमान पडद्यासाठी तरी धरेल.

त्याने खिशातून रुमाल काढला. मला वाटलं काकूंसारखा आईचा अंगठा पुसेल. त्याने तो उलगडून स्वतःच्या बोटांना गुंडाळला, नीट, जागा न सोडता, आणि रुमालाच्या आडून आईचा अंगठा चिमटीत धरला. आपण शेणात पडलेली वस्तू उचलतो तसा.

आणि आई हसली. फोटोवाल्याचा फ्लॅश चमकला.

मी प्रिंटरच्या मागून पट्टी ओढून काढली आणि मशीनसमोर टेबलावर आपटली.

"रोज हिच्यानंच दाबता ना. आजबी हिच्यानंच दाबा. साहेबाले पाहू द्या."

मी पडद्याकडे वळून सांगायला लागले, आमच्या बायांचे अंगठे का लागत नाहीत ते. साहेबांचे ओठ हलत होते. मग कोणीतरी म्हणालं, "आपला आवाज येत नाही आहे. रेंजचा प्रॉब्लेम दिसतो. पुढचं गाव घ्या." आमचा चौकोन काळा झाला. केंद्रात रेंजचा प्रॉब्लेम कधीच नसतो. तिथे वायर आहे.

आईने रुमालातून आपला अंगठा सोडवून घेतला. तोवर मशीन लालच होतं.

"आता नाव कसं राह्यते, पाह्यतो मी," विनूभाऊ हळू आवाजात म्हणाला. सरपंच बॅनरकडे पाहत होते. ग्रामसेवक मोबाइलकडे. पाटलीणकाकू म्हणाल्या, "एवढ्या चांगल्या कार्यक्रमाची पोरीनं माती केली." मी पट्टी उचलली आणि आईला घेऊन पायऱ्या उतरले. पट्टी माझ्या हातातच होती, कोणी परत मागितली नाही.

आई रस्ताभर माझ्या पुढे चालत राहिली. मला वाटलं घरी गेल्यावर बोलणी खाईन. तलावाशी आलो तशी ती पाण्यात उतरली आणि अंगठा धुवायला लागली. कितीतरी वेळ धूत होती. मातीने घासला, पुन्हा धुतला. मग तिथेच उकिडवी बसून म्हणाली,

"तो पट्टीनं दाबे तवा मी हासो. आजबी हासली. माह्यं तोंड आपलंच हासते, वो. मले हासाचं नसते."

मी तिच्याशेजारी बसले. हे हसू तिला कोणी शिकवलं ते मला ठाऊक होतं. धुळीतलं लुगडं उचलताना आजीही हसत असणार.

आईचं नाव कापलं गेलं. मुदत संपली आणि कार्डावर मी एकटी उरले. कारण लिहिलं होतं, बोट जुळत नाही. मोहल्ल्यातल्या आणखी बायांचीही कापली गेली. काही घरांनी मला नावं ठेवली, तोंडावर ठेवली. त्यांच्या चुलीवर परिणाम झाला, त्यांना तो हक्क आहे. मी त्यांना काही समजावायला गेले नाही. पण संध्याकाळी एकेक बाई आमच्या अंगणात येऊन ती पट्टी हातात घेऊन पाहून जायची. प्रत्येकीने ती नखावर अनुभवली होती. हातात कोणीच घेतली नव्हती.

मग एक दिवस पाळीवर मला तो फोटो दिसला, साहेबांच्या कार्यालयाच्या पानावर. आई लाल खुर्चीवर. मागे बॅनर. अंगठा मशीनवर, रुमालाची कड फोटोतून कापलेली. आई हसते आहे. खाली लिहिलंय, "सेवा दारात मिळाल्याने लाभार्थी महिलेच्या चेहऱ्यावर समाधान." हजारो लोकांनी अंगठा दाखवून पसंत केलेलं. एकेकाचा अंगठा एका झटक्यात लागलेला. जिच्या चेहऱ्यावर समाधान आहे तिचं नाव कार्डावर नाही.

मी तो फोटो आईला दाखवला. तिने मोबाइल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. मग उलटा करून खाटेवर ठेवून दिला.

"उद्या जाऊ," ती म्हणाली. "समद्या बायका जाऊ."

कापलेली नावं पुन्हा चढवायला पुन्हा अंगठाच द्यावा लागतो, त्याच केंद्रात. तर उद्या आम्ही जाणार आहोत. खिडकीकडे नाही. पायऱ्या चढून, चपला घालून, आत. लाल खुर्च्यांवर बसणार आहोत. आमचे अंगठे विनूभाऊने धरायचे नाहीत, रुमालाने नाही आणि आता हातानेही नाही. त्याचा हात आम्हाला नको. आईचा अंगठा मी दाबणार, शेजारणीचा अंगठा आई दाबणार, तिने पुढचीचा दाबायचा. हिरवा दिवा लागेपर्यंत कोणी उठणार नाही. पोलीस बोलवा, साहेब बोलवा. आमची तक्रार ऑनलाइन टाकायची असेल तर टाका. ती निकाली कशी काढतात ते मी शिकले आहे.

पट्टी घरीच राहील. भिंतीवर खिळ्याला टांगली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

आणि फोटो काढायचा असेल तर खुशाल काढा. आई हसणार नाही.